पीआर मालकाच्या गल्ल्यात नसतो

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत): वय 36, मूळचे सातारा जिल्ह्यातले. हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा, पुणे आणि मस्कत मिळून दहा वर्षं किचनमध्ये. 2025 च्या सुरुवातीला 482 व्हिसावर (मालकाने स्पॉन्सर करायचा तात्पुरता कामाचा व्हिसा) ऑस्ट्रेलियात आले. व्हिक्टोरियातल्या एका लहान शहरातल्या भारतीय रेस्टॉरंटमध्ये शेफ आहेत. मालक आपल्याच भागातले, लांबच्या ओळखीतले. पत्रलेखक त्यांना काका म्हणतात. कागदावर पगार वर्षाला 73,150 डॉलर आणि काम आठवड्याला 38 तास. प्रत्यक्षात 58 तास भरतात, आणि दर गुरुवारी पगार बँकेत जमा झाला की त्यातले 350 डॉलर एटीएममधून काढून काकांना रोख परत द्यायचे. असे चौदा महिने झालेत. आता काका म्हणतात, दोन वर्षं भरली की पीआरसाठी, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्यासाठी, नॉमिनेशन टाकतो, पण त्याचा खर्च 40,000 डॉलर, त्यातले निम्मे आत्ताच द्या. पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी साताऱ्यात आहेत. पत्नीला यातलं काहीच माहीत नाही. ते विचारतात, "ताई, दात दाबून अजून दहा महिने काढू का? तक्रार केली तर व्हिसा जाईल. काका पीआर देणार आहेत, त्यांना दुखवून कसं चालेल? पहिले दोन महिने त्यांनी मला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं होतं."

ताई म्हणालात, तर ताईसारखंच विचारते: हातात नेमके किती येतात, हा हिशोब कधी मांडलाय का तुम्ही?

मी मांडला. 73,150 ला 52 ने भागलं की आठवड्याला साधारण 1,407 डॉलर. त्यातले 350 गेले, उरले 1,057. ते 58 तासांवर पसरले की तासाला सव्वाअठरा डॉलर पडतात. 1 जुलै 2025 पासून इथलं राष्ट्रीय किमान वेतन तासाला 24.95 डॉलर झालं. तुमच्याकडे शनिवार-रविवारी भांडी घासायला एखादा कॅज्युअल विद्यार्थी येत असेल, तर कायद्याने त्याला तुमच्यापेक्षा बरंच जास्त मिळायला हवं. आणि हा हिशोब मी काकांच्या बाजूने थोडा झुकवूनच केलाय. ते 350 तुम्ही कर कापून हातात आलेल्या पैशांतून देता, म्हणजे जो पगार तुमच्याकडे राहतच नाही त्यावरचा करही तुम्हीच भरताय.

चौदा महिने म्हणजे साठएक आठवडे. आत्तापर्यंत 21,000 डॉलर परत गेले. काका जो 'निम्मा खर्च' आत्ता मागताहेत, त्याहून जास्त तुम्ही आधीच देऊन बसलाय, आणि त्या बदल्यात तुमच्या हातात एक चिठ्ठीसुद्धा नाही.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. मी वकील नाही, मायग्रेशन एजंटही नाही. ऑस्ट्रेलियात परवान्याशिवाय कुणाच्या व्हिसाच्या प्रकरणात सल्ला देणं हा गुन्हा आहे (मंडळाच्या पॉटलकमध्ये जिलेबीसोबत हा गुन्हा सर्रास घडतो, ते सोडा). तेव्हा मी नियमांची सर्वसाधारण माहिती देते आणि माणूस म्हणून काय वाटतं ते सांगते. तुमच्या फायलीचा निर्णय जाणकाराला विचारूनच घ्या.

'काका पीआर देणार आहेत' हे वाक्य तुमच्या पत्रात तीन वेळा आलंय. तिथेच मी सर्वांत जास्त अडखळले, कारण पीआर काका देऊ शकत नाहीत. तो होम अफेअर्स देतं, म्हणजे इथलं गृहखातं. तुमच्या वाटेचं नाव सबक्लास 186, म्हणजे 186 क्रमांकाचा व्हिसा, आणि त्यातला टेम्पररी रेसिडेन्स ट्रान्झिशन हा प्रवाह. त्यात मालकाचं काम एवढंच, की नॉमिनेशन भरायचं: हे पद खरं आहे, पूर्णवेळ आहे, निदान दोन वर्षं राहणार आहे आणि त्याला बाजारभावाने पगार देऊ. व्हिसाचा अर्ज तुमचा वेगळा असतो. त्याची फी मुख्य अर्जदाराला पाच हजार डॉलरच्या आसपास पडते, पत्नीची आणि मुलीची वेगळी, आणि ती तुम्हीच भरायची. त्यात काही वावगं नाही.

मालकाचा सरकारी खर्च किती? नॉमिनेशनची फी 540 डॉलर. त्याशिवाय स्किलिंग ऑस्ट्रेलियन्स फंडाची लेव्ही (परदेशी कामगार घेणाऱ्या मालकावरचा सरकारी आकार), जी वर्षाला एक कोटी डॉलरपेक्षा कमी उलाढाल असलेल्या धंद्याला 186 साठी एकदाच 3,000 डॉलर पडते. झाले साडेतीन हजार. त्यात लेव्ही कामगाराकडून वसूल करायला कायद्याने बंदी आहे. वकिलाची फी धरली तरी 40,000 हा आकडा कुठून आला? साताऱ्यातल्या भाषेत सांगायचं तर तो तुमच्या गरजेवर लावलेला भाव आहे.

म्हणून ते 20,000 देऊ नका. कर्ज काढून नको, सोनं मोडून नको, 'हप्त्याने देतो' असंही म्हणू नका. या उत्तरात मी हुकूम एवढाच सोडते, बाकी सगळं तुमच्या विचारावर. डिसेंबर 2015 पासून स्पॉन्सरशिपच्या बदल्यात पैसे मागणं किंवा घेणं हा इथे गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बरेच जण पुढचं विसरतात: देणाऱ्यालाही दंड होऊ शकतो आणि त्याचा व्हिसा रद्द होऊ शकतो. म्हणजे आज तुम्ही ज्याच्यावर अन्याय झालाय असे कामगार आहात, आणि ती रक्कम दिलीत की व्यवहारातले भागीदार ठरू शकता.

मग आजवर दिलेले 350-350? पगार देऊन त्यातला भाग परत घेणं, ज्याला सगळे कॅशबॅक म्हणतात, ते 2017 च्या दुरुस्तीने फेअर वर्क कायद्यात, म्हणजे इथल्या कामगार कायद्यात, स्पष्टपणे बेकायदा ठरलं आहे. पण 'हे स्पॉन्सरशिपसाठीच द्यायचं' असं काका तोंडी बोलले असतील किंवा व्हॉट्सॲपवर लिहिलं असेल, तर प्रकरण नाजूक होतं. यासाठीच कुठेही तक्रार करण्याआधी स्वतःच्या वकिलाशी बोला. 'स्वतःच्या' हा शब्द मी मुद्दाम वापरला. व्हिसाचं काम काकांच्या ओळखीच्या एजंटाने केलं असं तुम्ही लिहिलंय. त्या एजंटाचं गिऱ्हाईक काका आहेत. दुसरा शोधताना त्याचा सात आकडी नोंदणी क्रमांक सरकारी रजिस्टरवर तपासून घ्या. पैसे नसतील तर कम्युनिटी लीगल सेंटरमध्ये फुकट सल्ला मिळतो, काही ठिकाणी परदेशी कामगारांसाठी खास मदतही असते.

दुसरं गृहीतक दोन वर्षांचं. ती एकाच मालकाकडे भरायला हवीत असं तुम्ही धरून चाललाय. 2024 च्या अखेरीपर्यंत ते खरंच होतं, त्यामुळे तुमच्या ग्रुपवर फिरणारी माहिती खोटी नाही, शिळी आहे. आधी तर तीन वर्षं लागायची, ती नोव्हेंबर 2023 मध्ये दोन झाली. मग 7 डिसेंबर 2024 ला जुना 482 जाऊन नवा स्किल्स इन डिमांड व्हिसा आला (आकडा तोच, 482), आणि त्यासोबत नियम बदलला: मान्यताप्राप्त स्पॉन्सरकडे, त्याच व्यवसायात, नॉमिनेशनच्या आधीच्या तीन वर्षांत मिळून दोन वर्षं काम झालेलं असलं की चालतं. मालक बदलला म्हणून घड्याळ पुन्हा शून्यावर जात नाही. तुमचे चौदा महिने तुमचे आहेत, ते काकांच्या तिजोरीत ठेवलेले नाहीत.

नोकरी सुटली तर? पूर्वी साठ दिवसांत नवा स्पॉन्सर शोधावा लागायचा. त्या साठ दिवसांच्या भीतीने कितीतरी माणसं नको त्या किचनमध्ये सडत राहिली. 1 जुलै 2024 पासून एका वेळी 180 दिवस आणि संपूर्ण व्हिसाच्या काळात मिळून 365 दिवस मिळतात, आणि या दिवसांत दुसरीकडे कामही करता येतं. नोकरीवर असताना मात्र तशी मोकळीक नाही: नवं नॉमिनेशन मंजूर होईपर्यंत नव्या मालकाकडे 'ट्रायल शिफ्ट' म्हणून जाणं किंवा रात्री डिलिव्हरी मारणं हे प्रकार करू नका. जुना मालक 28 दिवसांच्या आत होम अफेअर्सला कळवतो की तुम्ही सोडलंत. ते ऐकून घाबरू नका, ती त्याची कर्तव्यनोंद असते, तुमच्याविरुद्धची फिर्याद नव्हे.

आता तक्रारीची भीती. ही भीती नुसती तुमच्या मनात आहे असं मी म्हणणार नाही, ती इथे पद्धतशीर पोसली गेली आहे. 2015 मध्ये सेव्हन-इलेव्हनच्या दुकानांचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा आपल्याकडची किती मुलं त्यात होती! विद्यार्थी व्हिसावर ठरल्यापेक्षा जास्त तास काम करून घ्यायचं, पैसे निम्म्या तासांचे द्यायचे, आणि तोंड उघडलं तर 'तास जास्त भरलेस, तूच पकडला जाशील'. बोभाटा झाल्यावर काही दुकानदारांनी पगार पूर्ण द्यायला सुरुवात केली आणि मुलांना एटीएमवर पाठवून फरक रोख परत मागितला. ओळखीचं वाटतंय ना? शेवटी कंपनीला कामगारांचे पंधरा कोटी डॉलरहून जास्त परत करावे लागले. 2017 ची ती दुरुस्ती याच धक्क्यातून आली. त्यात आणखी एक सोय झाली: मालकाने तासांच्या नोंदी किंवा पे-स्लिपा ठेवल्या नसतील, तर कामगार म्हणतो ते खोटं आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते.

2024 मध्ये कायदा आणखी पुढे गेला. व्हिसाची भीती घालून कामगाराकडून काही करवून घेणं, 'ऐकलं नाहीस तर व्हिसा रद्द करून टाकीन' हे सुद्धा, 1 जुलै 2024 पासून गुन्हा आहे. मुळात मालकाला व्हिसा रद्द करताच येत नाही. शोषणाची बाब मान्यताप्राप्त संस्थेकडून प्रमाणित झाली, तर व्हिसाच्या अटी मोडल्या म्हणून होणाऱ्या रद्दीपासून ठराविक परिस्थितीत संरक्षण मिळतं. हे कवच आपोआप चढत नाही, प्रमाणपत्र घ्यावं लागतं, म्हणून पुन्हा तेच: आधी सल्ला, मग तक्रार. आणि 1 जानेवारी 2025 पासून जाणूनबुजून पगार बुडवणं हाही फौजदारी गुन्हा झालाय.

तक्रार करायचीच का, हे मी तुमच्यावर सोडते. घाई नाही. थकलेला पगार सहा वर्षं मागे जाऊन मागता येतो. नवीन नोकरीत स्थिरावल्यावर, पीआर हातात आल्यावरही फेअर वर्क ऑम्बड्समनकडे, म्हणजे कामगारांच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, जाता येईल. कुणी सांगेल की गप्प बसलात तर पुढच्या पोराचंही हेच होईल. खरं आहे ते. पण पाठीवर कुटुंब असलेल्या माणसाला मी सुळावर चढायला सांगणार नाही.

आता काका.

विमानतळावर घ्यायला आले, दोन महिने घरी ठेवलं, काकूंच्या हातची भाकरी खाल्ली. हे सगळं खरं असणार आणि त्याचं मोल आहे. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागतात, तुम्ही तर मिठाचेच कारागीर. पण एक विचारते. काकांनी ही माया केली तेव्हा तिची किंमत सांगितली होती का? सांगितली नसेल, तर आज आठवड्याला 350 ने ती वसूल कशी होते? आणि मनात तेव्हाही किंमत असेल, तर तो उपकार नव्हता, भाडं होतं, आणि ते कधीच फिटलंय. मी इथे सव्वीस वर्षं राहतेय. ज्यांनी मला पहिल्या हिवाळ्यात स्वतःची रजई दिली त्या बाईंनी पुढे कधी एका शब्दाने ती आठवण काढली नाही. माझ्याकडे मोजायला एवढंच माप आहे.

काका राक्षस आहेत असंही मला वाटत नाही. छोट्या गावातलं रेस्टॉरंट, वीज महाग, भाडं महाग. कदाचित त्यांच्यावरही वीस वर्षांपूर्वी कुणी हेच केलं असेल. यातून त्यांना समजून घेता येतं, पण 350 डॉलर देत राहण्याचं कारण निघत नाही.

एक व्यावहारिक शंकाही आहे. समजा तुम्ही सगळे पैसे दिलेत आणि दहा महिने काढलेत. नॉमिनेशन टाकताना त्या वेळी लागू असलेली किमान पगाराची मर्यादा पाळावी लागते. तुम्ही आलात तेव्हा ती 73,150 होती, 1 जुलै 2025 पासून 76,515 झाली, आणि ती दर जुलैत वाढते. काकांनी तुमचा पगार वाढवलाय का? वाढवणार आहेत का? की ती वाढही रोखीने परत मागणार? ज्या माणसाने पहिली दोन वर्षं कागद आणि वास्तव वेगळं ठेवलं, त्याच्या कागदांवर तुमचा पीआर उभा राहणार. खात्याने तपासणी केली तर त्या कागदांबद्दल तुम्हालाही उत्तर द्यावं लागेल, आणि अर्जात खोटी माहिती गेली असं ठरलं तर तीन वर्षं दुसरा व्हिसा मिळणंही अवघड होतं. म्हणजे 'गप्प बसून सुरक्षित राहणं' हा जो पर्याय तुम्हाला वाटतोय, तो तेवढा सुरक्षित नाहीच.

माझ्या मते तुमचा रस्ता असा आहे: काकांशी भांडण उकरू नका, पैसे देऊ नका, आणि शांतपणे दुसरा स्पॉन्सर शोधा. शेफ ही इथे तुटवड्याच्या यादीतली कला आहे आणि तुमच्याकडे दहा वर्षांचा हात आहे. नुसती भारतीय रेस्टॉरंटं बघू नका. लहान शहरांतले क्लब, हॉटेलं, रुग्णालयांची किचन आणि एज्ड केअर, म्हणजे वृद्धाश्रम, इथे शेफ लागतात. एज्ड केअरमध्ये तंदूर नसेल, मऊ भाज्या आणि सूप करून कंटाळा येईल, पण काम दिवसाचं असतं, रोस्टर लेखी असतो आणि पगारातून कुणी वाटा मागत नाही. माझ्या ओळखीतल्या एकाने तसं केलं. पहिले तीन महिने 'मी काय मीठ नसलेलं शिजवतोय' म्हणून रडत होता. आता संध्याकाळी मुलाला पोहायला नेतो. मुलाखतीत सरळ विचारा: तुम्ही मान्यताप्राप्त स्पॉन्सर आहात का, माझं नॉमिनेशन घ्याल का, पुढे 186 चं धोरण काय? चांगला मालक या प्रश्नांनी बिचकत नाही. तुमचं वय 36 आहे, 186 साठी 45 ची मर्यादा. सहा महिने इकडेतिकडे झाले तरी काही बिघडत नाही. इंग्रजीची परीक्षा मात्र आत्ताच देऊन ठेवा, आयईएलटीएसच्या भाषेत प्रत्येक विभागात सहा हवेत, आणि निकाल तीन वर्षं चालतो.

तोवर नोंदी ठेवा. एक वही, त्यात रोज किती वाजता आलात, किती वाजता गेलात. रोस्टरचे फोटो. पे-स्लिपा स्वतःच्या ईमेलवर. बँकेचं स्टेटमेंट, त्यात दर गुरुवारी एटीएममधून निघालेले 350 ओळीने दिसतील, तो तुमचा सर्वांत बोलका पुरावा आहे. सुपर, म्हणजे मालकाने भरायचा निवृत्तीचा निधी, जमा होतंय का तेही बघा, जुलै 2025 पासून ते पगाराच्या 12 टक्के आहे. काकांचं बोलणं चोरून रेकॉर्ड करण्याचा मोह होईल. प्रत्येक राज्याचे कायदे वेगळे आहेत, वकिलाला विचारल्याशिवाय करू नका. आणि काका पैसे मागतील तेव्हा भांडू नका. 'काका, एवढे पैसे माझ्याकडे नाहीत, मी देऊ शकत नाही' एवढं एक वाक्य पुरे. ते जमलं तर मेसेजवरच.

इतका वेळ ज्या गोष्टीकडे यायचं टाळत होते तिच्याकडे येते. तुम्ही पत्नीला काही सांगितलेलं नाही. 'तिला टेन्शन नको' असं लिहिलंय. पण तुम्ही हेही लिहिलंय की पीआर झाल्याशिवाय तिला आणणार नाही, कारण परवडत नाही. का परवडत नाही, हे तिला माहीत नाही. तिच्या दृष्टीने तुम्ही ऑस्ट्रेलियात डॉलर कमावता आणि तरी तिला बोलवत नाही. या गप्प राहण्याचा अर्थ ती काय लावत असेल, याचा विचार केलाय? 482 वर पत्नीला आणि मुलीला सोबत आणता येतं, आणि पत्नीला इथे पूर्णवेळ काम करण्याची परवानगी असते. पाळणाघराचं सरकारी अनुदान तात्पुरत्या व्हिसावर बहुतेकांना मिळत नाही, तेव्हा गणित सोपं नाही. पण आठवड्याचे ते 350 वाचले, तर वर्षाला 18,200 डॉलर होतात, आजच्या भावाने दहा लाख रुपयांवर. त्या पैशांत काय काय बसतं हे तुम्ही एकट्याने ठरवायचं कारण नाही. कदाचित ती म्हणेल परत या. मस्कतचा अनुभव, इथला अनुभव, साताऱ्यात किंवा पुण्यात स्वतःचं किचन. तोही पर्यायच आहे, आणि तो घेतलात तर हरलात असं होत नाही. ते तुम्ही दोघांनी बोलून ठरवा.

सोमवारी तुमचं रेस्टॉरंट बंद असतं म्हणालात. त्या दिवशी सकाळी पहिल्या आठवड्यापासूनची स्टेटमेंटं डाउनलोड करा आणि लीगल सेंटरची वेळ घ्या. मग दुपारी दोनला पत्नीला फोन लावा. साताऱ्यात तेव्हा सकाळचे साडेनऊ झालेले असतील, मुलगी बालवाडीत गेलेली असेल, आणि तिला तुमच्याशी नीट बोलता येईल.